काइटच्या लाइन्सचा दर वेळी गुंता होतोय, काय चुकतंय?

वारा_लागला: मंडळी, गोव्यात मोरजिमला काइटसर्फिंगचा (पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाण्यात सरकायचं) कोर्स केला आणि आता सेकंडहँड १२ चौरस मीटरचा काइट अन् ४ लाइन्सचा बार (काइट वळवायचा हातातला दांडा, त्याला दोऱ्या) घेतलाय. पाण्यात बरं जमतंय पण किनाऱ्यावर जीव जातो. काल दुपारी मस्त वारा होता आणि मी पाऊण तास वाळूत बसून गाठी सोडवतोय, सुटल्या तोवर वारा पडत आलेला. बारवर गोल गोल नीट गुंडाळून ठेवल्या होत्या हो, मग बॅगेत आपोआप गुंता होतो का?

सुरूचं_बन: गोल गोल, तिथंच घोळ आहे. एकाच दिशेने गुंडाळलं की प्रत्येक फेऱ्याला लाइनला पीळ बसतो, उलगडली की ती स्वतःभोवतीच वळायला लागते. बारच्या दोन टोकांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घ्या, एका टोकाला बसलेला पीळ दुसऱ्या टोकाला निघतो. लहानपणी अंगठा आणि करंगळीवर मांजा घ्यायचो ना, अगदी तसं. शेवटी हातभर उरली की चारही टोकं जुळवून गुंडाळीला एक अर्धी गाठ मारा, वरून बारचं रबर. टोकं मोकळी राहिली की बाकी सगळी मेहनत वाया, कारण मोकळं टोकच फाशातून आत-बाहेर जातं.

खारं_पाणी: वरच्यांशी सहमत. उलगडताना टोकं काइटजवळ वाळूत दाबून ठेवायची आणि वाऱ्याच्या दिशेने चालत चालत बार मोकळा करायचा, मग बारपासून परत काइटकडे यायचं, बोटांच्या फटीत एकेक लाइन घेऊन, काइटच्या पुढच्या कडेच्या दोन मधे आणि मागच्या टोकांच्या दोन बाहेर. अडकली तर ओढायची नाही, सैल करून झटकायची. असं बार वाऱ्याखाली ठेवून मांडत असाल तर काइटकडे तोंड केल्यावर बारची लाल बाजू उजवीकडे हवी, हे घोकून ठेवा. आणि उडवायच्या आधी बार उचलून चारही लाइन्सवरून एकदा नजर टाकाच. माझी एक मागची लाइन पुढचीवरून गेलेली होती, काइट उचलल्याबरोबर गरगर फिरायला लागला, क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात सोडणारी कळ) ओढला म्हणून वाचलो, आजही आठवलं की हात गार पडतात.

वारा_लागला: खूप आभार दोघांचेही! आज सोसायटीच्या पार्किंगमधे सगळ्या लाइन्स पसरल्या, तर एका लाइनवर घट्ट गाठ, आत सुरूची काडी. तशीच राहू दिली तर चालेल का? आणि मागच्या लाइन्स ४ बोटं आखूड वाटतायत.

सुरूचं_बन: गाठ अजिबात ठेवू नका, गाठीपाशी लाइनची ताकद खूप कमी होते. जाड सुईने हळू हळू सैल करा, धागा तुटलेला दिसला तर लाइनच बदला. मागच्या आखूड वाटतात कारण पुढच्या दोन जास्त भार घेऊन ताणल्या जातात, जुन्या बारला हे होतंच. चारही टोकं एका खांबाला अडकवा, बार सरळ धरून ओढा, आणि फरक किती ते बघून मागच्यांची लांबी ठरवणारी मूळची गाठ सरकवा.