मदत हवी आहे: शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकातला उतावीळपणा नववीला कसा शिकवावा?

तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश घ्यायचा आहे. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट याच्याशी भांडण टाळणारा रोमिओच, त्याच्या हातून आपला मित्र मर्क्युशिओ मेल्यावर, टिबॉल्टला ठार करतो आणि हद्दपार होतो. घटनाक्रम फळ्यावर मांडून पाहिला. पण मुलं 'नशीबच वाईट' म्हणून मोकळी होतात, कारण ज्युलिएटचं मरण खोटं आहे हे कळवणारं, रोमिओपर्यंत न पोचलेलं पत्र त्यांच्या जास्त लक्षात राहतं. पत्र रोगाच्या साथीमुळे अडलं हे खरं, पण तलवार तर रोमिओनेच उपसली ना! शेवटच्या अंकातल्या आत्महत्येवर कृती नको, शाळेत समुपदेशक नाही. प्रोजेक्टर नाही, तास 35 मिनिटांचा. मित्रांसमोर अपमान झाला म्हणून रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा फोटो टाकणं, हा आजचा प्रसंग जोडायचाय. रोमिओला थांबता आलं असतं तो नेमका क्षण मुलांनीच शोधावा, यासाठी कोणती कृती घ्याल?