वायुदाब चढला की चितळ बाहेर पडतात, हे आपल्या जंगलांत कितपत खरे आहे?

रानवाट (धरमपेठ, नागपूर):
अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करणारे लोक वायुदाबाचा एक नियम सांगतात. वायुभारमापकातील पारा ३० इंचांच्या वर आणि चढता असला, म्हणजे हरणे दिवसाउजेडी चरायला निघतात व शिकार साधते. तो घसरून खाली बसला, की हरणेही झाडीत बसून राहतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बंदुकीचा प्रश्न नाही, परंतु कॅमेऱ्यासाठी हा नियम उपयोगी पडेल असे वाटून, जानेवारीपासून पेंचच्या सिल्लारी गेटने आणि उमरेड-कऱ्हांडल्यात केलेल्या ११ फेऱ्यांत मी मोबाइलमधील दाबाचा आकडा दर अर्ध्या तासाने टिपत गेलो. माझ्या वहीत दाब चढता असताना दिसलेली चितळे उतरत्या दाबाच्या जवळजवळ तिप्पट भरतात. मात्र मोबाइल २८.९ इंचांच्या वर कधीच गेला नाही. शिवाय एका ॲपने ‘हालचाल उत्तम’ असे सांगितले म्हणून पहाटे साडेतीनला उठून गेलो, त्या दिवशी दोन मोर आणि एक सर्पगरुड एवढ्यावर समाधान मानून परतलो. जाणकारांनी यात माझे कुठे चुकते ते सांगावे.

सोनेगावकर:
आपल्या वहीत चूक नाही, पण तिच्यात हरणांइतकेच घड्याळही नोंदले गेले आहे. आधी आकड्याचे पाहू. ३० इंच म्हणजे सुमारे १०१६ हेक्टोपास्कल, आणि हा दाब समुद्रसपाटीला आणून, म्हणजे ते ठिकाण समुद्रसपाटीवर असते तर किती भरला असता असा हिशोब करून, सांगितलेला असतो. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे व दर आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो, त्यामुळे आपला मोबाइल जागेवरचा दाब पस्तीसेक हेक्टोपास्कलने, म्हणजे इंचभराने कमी दाखवतो, ते योग्यच आहे.

खरी मेख पुढे आहे. उष्ण कटिबंधात वायुदाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सूर्याच्या उष्णतेने वातावरणात उठणाऱ्या लहरींमुळे दाब सकाळी व रात्री १० च्या सुमारास सर्वांत जास्त, तर पहाटे व दुपारी ४ च्या सुमारास सर्वांत कमी असतो; आपल्याकडे हा चढउतार साधारण तीन-चार हेक्टोपास्कलचा भरतो. नोकरीत असताना वायुभारमापकाच्या नळीला बोटाने हलकी टिचकी मारून, पाऱ्याचा माथा नीट बसू देऊन मी वर्षानुवर्षे वाचन घेतले आहे. वादळ किंवा कमी दाबाचे क्षेत्र जवळ नसेल, तर उन्हाळ्यात पाऱ्याकडे पाहून दुपारचे चार वाजत आले हे सांगता येत असे. आता पाहा: सकाळची फेरी सहा ते दहा, म्हणजे संपूर्ण चढत्या दाबाची, दुपारची फेरी उतरत्या दाबात सुरू होते आणि ऊन कलले, चितळ पाण्यावर येऊ लागले, की दाबही चढू लागतो. चितळे दाबामुळे येतात असे त्यातून सिद्ध होत नाही. दोघेही सूर्याच्या तालावर चालतात.

मचाणकरी:
सोनेगावकर यांच्या म्हणण्याला जंगलाकडून दुजोरा देतो. नागपूरचा समुद्रसपाटीला आणलेला दाब जानेवारीत १०१५ च्या आसपास असतो आणि मे-जूनपर्यंत तो १००० ते १००५ वर येतो. अमेरिकी नियम इथे लावला, तर एप्रिल ते सप्टेंबर चितळांनी झुडपांतून उठूच नये! प्रत्यक्षात बुद्धपौर्णिमेच्या गणनेला, ऐन उन्हाळ्यात, पाणवठ्यावर चितळांची जेवढी रीघ लागते तेवढी हिवाळ्यात कधी पाहिली नाही. कारण साधे आहे: नाले आटलेले असतात आणि चितळाला उन्हाळ्यात रोज पाणी लागते.

कळप कसा येतो तेही सांगतो. आधी एकच मादी झाडीच्या कडेला येऊन थांबते, कान पुढे-मागे फिरवते, पुढचा एक पाय उचलून तसाच धरते. शंका आली तर तो पाय जमिनीवर आपटते, आणि मागचा अख्खा कळप जागच्या जागी गोठतो. मचाणावरून हे पाहताना वाटते, की तिचा सारा हिशोब वासाचा आणि आवाजाचा आहे. सांबराचे तर काय सांगावे. तीस मीटरची टेकडी चढून गेले की त्याच्याभोवतीचा दाब तीन-साडेतीन हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे दिवसभराचा चढउतार ते काही मिनिटांत पार करते.

रानवाट:
दोघांचेही मनापासून आभार. पण मग अमेरिकेतील अनुभवी शिकारी पिढ्यान्‌पिढ्या तेच का सांगत आले असतील?

केतकी (प्राणिशास्त्राची शिक्षिका):
कारण त्यांच्याकडे दाब एकटा बदलत नाही. थंड हवेची आघाडी सरकून गेली, की दाब चढतो, पाऊस थांबतो, आकाश निवळते आणि तापमान झपाट्याने उतरते. पावसात व उकाड्यात दबून राहिलेले हरीण त्यानंतर बाहेर पडले, तर श्रेय पाऱ्याला मिळते. त्यातच उत्तरेकडील राज्यांत या हरणांचा माजाचा काळ नोव्हेंबरात येतो. तो दिवसाच्या लांबीवर ठरतो, दाबावर नाही. पण नेमक्या त्याच आठवड्यांत शिकारी रानात असतात व आघाड्याही येत असतात. शिवाय पारा चढलेल्या दिवशी माणूस उमेदीने जातो आणि जास्त वेळ बसतो, म्हणून त्याला यशही जास्त मिळते. हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून झालेल्या अभ्यासांत मात्र पहाट, संध्याकाळ आणि माज यांचाच प्रभाव ठळक दिसतो. दाबाचा वाटा सापडलाच तर किरकोळ असतो. पक्षी दाबातील घट ओळखतात याला प्रयोगांचा आधार आहे. हरणांविषयी तसे म्हणण्याजोगे काही माझ्या वाचनात नाही.

रानवाट:
काल रात्री सगळ्या नोंदी तासवार लावून पाहिल्या. सकाळी सात ते आठ एवढाच तास घेऊन जास्त दाबाचे व कमी दाबाचे दिवस वेगळे केले, तर तिपटीचा फरक पार नाहीसा होतो. एकच नोंद गळत नाही. एप्रिलमध्ये अवकाळीच्या दिवशी दुपारी साडेतीनला, म्हणजे दाब उतरायच्या वेळी, धुळीचा लोट आला आणि दहा मिनिटांत दाब दोन हेक्टोपास्कलने उसळला. तेव्हा चाळीसेक चितळे झाडीतून निघून माळावर येऊन उभी राहिली.

सोनेगावकर:
ती उसळी गडगडाटी ढगाखालून पसरलेल्या थंड, जड हवेची.

मचाणकरी:
आणि तिच्याबरोबर वारा येतो. झाडी सळसळू लागली की चितळाला बिबट्याची चाहूल ऐकू येत नाही, म्हणून ते डोळ्यांचा भरवसा धरून मोकळ्यावर येते. त्या वेळी त्यांची तोंडे कोणत्या दिशेला होती, हे आपल्या वहीत आहे का?

रानवाट:
नाही. दाब तेवढा दशांशापर्यंत लिहिला आहे.