लॉनचं खत, आमचा ओढा

वेण्णाकाठ : "बंगल्याच्या लॉनला मूठभर खत टाकल्यानं ओढा मरतो होय? आधी ऊसवाल्यांना धरा," असं परवा इथं एकानं लिहिलं. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मेढ्याजवळ आमचं रान. वरच्या अंगाला फार्महाऊसची हिरवळ. गेल्या जूनमध्ये आभाळ भरून आलेलं असताना तिथला माळी घमेल्यातनं डीएपी खत फेकत होता. विचारलं तर म्हणाला, "पावसानं आपोआप मुरंल." तासाभरात सर कोसळली. करडे दाणे उतारावरनं फरशीच्या फटीत, तिथनं गटारीत, गटारीतनं आमच्या ओढ्यात. डीएपीत १८ टक्के नत्र (नायट्रोजन), ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट). स्फुरद मातीला चिकटून गढूळ पाण्याबरोबर जातं, आणि गोड्या पाण्यातलं शेवाळ बहुतेक वेळा स्फुरदावाचूनच अडलेलं असतं. ते मिळालं की फोफावतं. दिवाळीपर्यंत बंधाऱ्यावर हिरवा थर. शेवाळ मरून कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. पहाटे चिलापी तोंड वर काढून तडफडताना मी पाहिलीत. हाच ओढा पुढं वेण्णेला मिळतो, वेण्णा कण्हेर धरणात जाते.

बंगलेवाला, सातारा : ते लिहिणारा मीच. माझं लॉन दीड गुंठा. आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष रानात राहणाऱ्या उसाला शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद. वर लोक आणखी पोती ओततात. वाळवा, मिरज तालुक्यांत जमिनी क्षारपड कशानं झाल्या? आधी हिशेब करा.

आष्टेकर : करतो की हिशेब. क्षारपड झालं ते जादा पाण्यानं आणि निचरा नसल्यानं. सगळं खतावर ढकलू नका. आणि पोती ओतायला आणायची कुठनं? हंगामात युरिया मागितला की दुकानदार लिंकिंगमध्ये, म्हणजे खताबरोबर जबरदस्तीनं, नको ती बाटली गळ्यात मारतो. दोन पोत्यांसाठी मी तीन हेलपाटे घातलेत. माझं ठिबक आहे, खत मुळाशी जातं. तुमचं लॉन कुणाच्या पोटाला लागतं?

सांगलीवाडी : दोघं भांडताय कशावर! सांगलीचं सांडपाणी कृष्णेत आणणारा शेरीनाला बघा आधी. माझं अख्खं आयुष्य सांगलीत गेलं. उन्हाळ्यात कृष्णा उतरली की घाटावर उभं राहवत नाही. आमची आई त्याच घाटावरनं कळशी भरून आणायची, तेच पाणी आम्ही प्यायलो. आज नातवाला तिथं पाय बुडवू देत नाही. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात सांडपाणी, हेच आमच्या नशिबी.

आष्टेकर : बरोबर बोललात काका. नदीत मासे मेले की बोट मात्र शेतकऱ्याकडं.

बंगलेवाला, सातारा : मग मलाच का धरलंय?

वेण्णाकाठ : काका, शेरीनाला खरा आहे. सांडपाण्यातही नत्र-स्फुरद असतंच. उसाचं खतही वाहून येतं, दादा, तुमचं ठिबक असलं तरी सगळ्यांचं नाही. पण आमच्या ओढ्याला ना शहर आहे, ना ऊस. तिथं वर फक्त ती हिरवळ आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यानं २००५ पासून राज्यभर लॉनला स्फुरदाचं खत घालायला मनाई केली. नवं लॉन असेल किंवा माती तपासणीत स्फुरद कमी निघालं, तरच सूट.

आष्टेकर : सगळ्यांचं ठिबक नाही, हे मान्य. अनुदानाची वाट बघत बसलेत लोक.

बंगलेवाला, सातारा : ठीक आहे ताई. माती तपासून घेतो, तोवर डीएपी बंद. युरिया मात्र टाकणार, पिवळं लॉन मला बघवत नाही.

वेण्णाकाठ : टाका. पण पाऊस उघडल्यावर, थोडा थोडा. आणि ओढ्याकडंचा दहा फूट पट्टा कोरा सोडा.

बंगलेवाला, सातारा : पाच फूट सोडतो.