केसपेपरवरची ‘विवाहित’ ही खूण

‘उभयलैंगिक, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांबद्दलही आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तींना वेगळी आरोग्यसेवा कशाला हवी?’ असे विचारले जाते. वेगळी नकोच, विचारपूस तेवढी नीट हवी. मी स्वतः उभयलैंगिक आणि विवाहित आहे. (‘उभयलिंगी’ म्हणू नये, तो शब्द आपण शाळेत गांडुळासाठी शिकलो.) सांगलीतल्या एका दवाखान्यात केसपेपरवर ‘विवाहित’ अशी खूण झाली आणि पुढचे प्रश्न तिथेच संपले. एचआयव्ही तपासणीचा आणि कावीळ-बीच्या लशीचा विषय शेवटी मीच काढला, तेव्हा पडद्यापलीकडे कंपाउंडर उभा असतानाच डॉक्टरांनी मोठ्याने विचारले, “मिसेसना माहीत आहे का?” त्यानंतर दीड वर्ष मी तिकडे फिरकलो नाही, आणि रोगनिदान लांबते ते अशाच टाळाटाळीतून.

नैराश्य आणि चिंताविकार उभयलैंगिकांत समलैंगिकांपेक्षाही अधिक आढळतात, असे परदेशांतील अनेक पाहण्यांत दिसले आहे. ‘एक काय ते ठरव’ हे भिन्नलैंगिक आणि समलैंगिक अशा दोन्हीकडून ऐकावे लागणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई आहे, परंतु तो कायदा मानसोपचारांपुरता. ताप-खोकल्याच्या दवाखान्यात सारे डॉक्टरांच्या स्वभावावर अवलंबून. निदान ‘जोडीदार स्त्री, पुरुष की दोन्ही?’ हा प्रश्न दार लावून, सरसकट प्रत्येकाला विचारावा.