ठिबक आत्ताच उचलू का पूर्वसंमतीची वाट पाहू? (कागदी लिंबू, पारोळा)

पारोळेकर: राम राम मंडळी. आमची पाच एकर आहे, कापूस लावून लावून कंटाळलो, बोंडअळी आणि वेचणीची मजुरी दोन्ही मिळून काही हातात राहत नाही म्हणून अडीच एकरात कागदी लिंबू लावायचं चाललंय, विहीर मार्चनंतर दम टाकते त्यामुळे ठिबकशिवाय जमणार नाही. महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) ठिबकच्या अनुदानाचा अर्ज टाकलाय, पूर्वसंमती म्हणजे माल घ्यायच्या आधीची कृषी खात्याची मंजुरी अजून नाही. दुकानदार म्हणतो माल आजच न्या भाऊ, ८० टक्के परत येतातच, कागदाचं मागून बघू. काय करू?

रावेरचा केळीवाला: अजिबात नको भो! बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की फाईल बसलीच समजा. आणि ते ८० टक्के सगळ्यांना नसतात, २ हेक्टरच्या आतल्याला केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याच्या योजनेतून २५ असे ८०, वरच्याला ४५ आणि ३० म्हणजे ७५. पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर होतं, आधी ८अ (जमिनीचा खातेउतारा) बघा!! दुसरं म्हणजे टक्के तुमच्या बिलावर नाही, शासनाच्या मापदंडावर (ठरवून दिलेल्या खर्चावर) निघतात, आणि तो दोन नळ्यांतल्या अंतरावर ठरतो. आमच्या केळीला नळ्या जवळजवळ म्हणून मापदंड मोठा, लिंबू ६ बाय ६ मीटरवर, नळी कमी, रक्कमही कमी. कोटेशनमध्ये अंतर कमी दाखवलं असेल तर मोका तपासणीला टेप लावल्यावर उघडं पडतं, तेव्हा दुकानदार फोन उचलत नाही.

अमळनेरचा नाना: बरोबर आहे पण खरी गोष्ट कोणी बोलत नाही. पैसे आधी आपण भरायचे, अनुदान मागून खात्यात. म्हणजे ज्याच्याकडे रोकड आहे त्याचीच बाग. रावेर-यावलकडं बोअर खाली खाली चाललेत, पाणी वाचावं म्हणून ही योजना, आणि ज्याचं पाणी खरंच संपलंय तो सोसायटीच्या थकबाकीत अडकलेला, तो कुठून आणणार?

नर्सरीवाली ताई, चोपडा: नाना, म्हणूनच लागवडीचा खर्च दुसऱ्या दारातून काढा. २ हेक्टरच्या आत असाल आणि जॉबकार्ड असेल तर रोजगार हमीतून फळबाग, ते बसत नसेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना, आपल्याकडे ०.२० ते ६ हेक्टरपर्यंत, पैसे तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असे. पण झाडं जगली तरच पुढचा हप्ता, मेलेल्यांच्या जागी नांग्या स्वखर्चाने भरायच्या. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात हे सोपं नाही हो, पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी पाचटाचं आच्छादन कराच. आणि रोपं शासकीय, विद्यापीठाच्या नाहीतर परवानाधारक रोपवाटिकेचीच, पावतीसकट. बाजारातून गाडीवरची घेतली की अनुदान विसरा. (माझी जाहिरात नाही, माझ्याकडे लिंबू नाहीच, मिरची-टोमॅटोची रोपं आहेत 😄)

पारोळेकर: ताई, केळीवाले भाऊ, धन्यवाद. ८अ काढला, १.९६ हेक्टर निघाला, रस्त्यात थोडी गेली होती ती कमी झालीय. दुकानदाराला थांब म्हटलं तर रेट वाढेल म्हणून घाबरवतोय.

रावेरचा केळीवाला: वाढू द्या. दुसरं कोटेशन घ्या, आणि जॉबकार्डचं आधी ग्रामपंचायतीत विचारा, पावसाळ्याआधी खड्डे खोदून व्हायला पाहिजेत.