मदत हवी आहे: ९,०९,०९१ ला कशाने भाग जातो का?

नमस्कार मंडळी, अमळनेरहून लिहितोय.

मागच्या आठवड्यात चुलतभावाच्या लग्नात आहेराची वही माझ्याकडे होती. तिकडे वरण-बट्टीच्या पंगती उठत होत्या आणि मी १०१, ५०१, १००१ लिहीत बसलेलो. शेजारी आठवीतली भाची. "मामा, वरचा एक रुपया काबर?" मी नेहमीचंच सांगितलं: शेवटी शून्य नको, आणि रकमेचे सारखे दोन वाटे पडायला नकोत. पोरीने ते ताणलं. "मग मधे शून्यं आणि दोन्ही टोकांना एक असेल तर कशानेच भाग जात नाही?"

१०१ मूळ संख्या आहे, खरं. पण १००१ = ७ × ११ × १३. १०,००१ = ७३ × १३७. १,००,००१ = ११ × ९,०९१. १०,००,००१ = १०१ × ९,९०१. (या नादात एका काकांचे ५०१ मी १००१ लिहिले, ते वेगळंच.)

घरी येऊन एक कोटी एक घेतली. ११ ने भाग गेला, उरले ९,०९,०९१, आणि तिथे अडलो. शंभरच्या आतली एकही मूळ संख्या लागत नाही. वर्गमूळ ९५३ च्या जरासं पुढे, म्हणजे एकूण १६२ मूळ संख्या तपासायच्या. मोबाईल क्षणात सांगेल, पण भाचीची अट आहे: फक्त वही-पेन. काही युक्ती? आणि १०१ च्या पुढे अशी मूळ संख्या आहे का?

प्रतिसाद, धुळ्याहून:
भाऊ, १६२ कशाला, २७ पुरतील. समजा एखाद्या मूळ संख्येने भाग गेला. मग तिने १० च्या ७ व्या घाताला भागल्यावर बाकी उणे १ येते, १४ व्या घाताला १. इथे त्याआधीच्या कुठल्याच घाताला १ येत नाही. म्हणून फर्माच्या छोट्या प्रमेयाने (मूळ संख्येने १० ला भाग जात नसेल, तर १० च्या 'ती संख्या उणे १' एवढ्या घाताला बाकी १ येतेच) त्या संख्येतून १ वजा केला की १४ ने भाग जायलाच हवा. २९, ४३, ७१, ११३, १२७ असं ९५३ पर्यंत तपासा.
दुसरं: १० च्या घातात १ मिळवताना घाताला १ सोडून कुठलाही विषम विभाजक असला की संख्या फुटतेच. उरले १, २, ४, ८, १६ असे दुपटीचे घात. ८ ची दहा कोटी एक = १७ × ५८,८२,३५३. (गंमत बघा, ५८८ चा वर्ग अधिक २३५३ चा वर्ग = ५८,८२,३५३!) ११ आणि १०१ नंतर मात्र अशी मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

धागाकर्ता:
लई भारी, भाऊ! २९ ने बाकी २८, ४३ नेही २८, तिथे दोघं चक्रावलो. रात्री साडेदहापर्यंत २७ च्या २७ झाल्या. ९५३ ने बाकी ८८२. मूळच आहे. भाची आता ५८,८२,३५३ घेऊन बसलीये, आणि तिची आई माझ्यावर चिडलीये.