पावसाळा लागल्यापासून सारखी आजारी, हॉस्पिटलात काम करणाऱ्यांचं असंच असतं का?

लांजेकरीण:
नमस्कार मंडळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, नाव नको. जूनपासून एक झालं की दुसरं चालूच आहे. आधी ताप नि अंगदुखी, त्यातून उठतेय तोवर घसा बसला, मग जुलाब, मधेच डोळे आले, आता परत नाक गळतंय. सासूबाई म्हणतात तुझ्या अंगात काही उरलंच नाही, नवरा म्हणतो नोकरी सोड. कोविड होऊन गेलाय त्यामुळे प्रतिकारशक्ती कायमची खलास झाली असं वॉर्डातच कोणीतरी सांगितलं, खरंय का हे? झिंक, व्हिटॅमिन सी सगळं खाऊन झालं. आमच्यातल्या निम्म्या जणी अशाच खोकत ड्युटी करतायत आणि सुट्टी मागितली की उत्तर ठरलेलं, "माणूस कुठून आणू, गोळी घे नि ये."

फिजिशियन_दापोली:
ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हा एकच आजार परत परत होत नाहीये, वेगवेगळे विषाणू एकामागोमाग येतायत. सर्दीच्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत, एक होऊन गेला म्हणून दुसरा सोडत नाही. फ्लूचा विषाणू सारखा बदलत असतो, आणि ओमिक्रॉन आल्यापासून कोविडसुद्धा परत होणं नेहमीचंच झालंय. कोविडनंतर थकवा काही जणांना बरेच महिने राहतो, पण म्हणून प्रतिकारशक्ती कायमची खलास होते असं नाही.

खरी गोष्ट अशी की तुमच्या समोर रोज येणारे विषाणूच जास्त आहेत. आपल्याकडे पावसात फ्लू वाढतोच, त्यात आडवा पाऊस आत येतो म्हणून वॉर्डच्या खिडक्या बंद, आत नेब्युलायझर (वाफेतून औषध द्यायचं मशीन) चालू आणि एका पेशंटमागे चार नातेवाईक. जिथे पाऊस येत नाही त्या बाजूची एक तरी खिडकी उघडी ठेवायला लावा, झिंकपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

तरीपण सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) आणि शुगर करून घ्या. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी टीबीसाठी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. पेशंटची थुंकी आपण लगेच पाठवतो आणि स्वतःचा खोकला "व्हायरल असेल" म्हणून महिना काढतो! वजन उतरत असेल किंवा रात्री घाम येत असेल तर अजिबात थांबू नका. आणि मनाने अझिथ्रोसारखी अँटिबायोटिक गोळी नको, व्हायरसवर तिचा काही उपयोग नाही.

कुडाळचो_झील:
डॉक्टरांनी सांगल्यानी ता बरोबर आसा. मी लॅबमध्ये आहे, माझं निरीक्षण सांगतो. पेशंटसमोर सगळे मास्क लावतात, मग चहाच्या खोलीत सहा जण गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मास्क हनुवटीवर, एकाच पुड्यातली बिस्किटं. तिथेच अर्ध्या स्टाफला लागण होते असं माझं मत. दुसरं ते अंगठ्याचं मशीन, सगळ्यांनी अंगठा लावायचा आणि तोच हात डोळ्याला. डोळे येतात तो ॲडिनोव्हायरस कडीवर, टेबलावर कित्येक दिवस टिकतो. आणि जुलाबाचा पेशंट हाताळलात तर नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही, नोरोव्हायरसला ते नीट लागू पडत नाही, साबण आणि पाणीच पाहिजे.

जुनी_सिस्टर:
बाय गो, तुझ्या मेट्रनवर, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या मोठ्या सिस्टरवर, रागावून काही होणार नाही, तिच्याकडेच माणसं नसतात. पण गोळीने ताप उतरतो, लागण थांबत नाही. फ्लूवाली व्यक्ती लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकते, म्हणजे एकीला बोलावून चौघी पडतात आणि मग खरंच माणूस मिळत नाही. हे तिला ड्युटीच्या तक्त्यावर बोट ठेवून दाखव, "मला बरं नाही" एवढ्याने कोणी ऐकत नाही. मी रिटायर व्हायच्या आधी आम्ही ठरवून टाकलेलं, ताप असेल तर घरी, नुसतं नाक गळत असेल तर मास्क लावून स्टोअर नाहीतर रेकॉर्डचं काम, बाळांच्या वॉर्डात आणि डायलिसिसला पाय ठेवायचा नाही. सुरुवातीला कुरकूर झाली, मग बसलं.

लांजेकरीण:
सगळ्यांचे आभार, थुंकी उद्याच देते. फ्लूची लस आता घेऊन उपयोग आहे का? ऑगस्ट उजाडला. आमच्यातली एक म्हणते लसीनेच फ्लू होतो.

फिजिशियन_दापोली:
इंजेक्शनवाल्या लसीत जिवंत विषाणू नसतो, फ्लू होणार नाही, एखाद दिवस दंड दुखेल, कणकण वाटेल. मे महिन्यात घेतली असती तर उत्तम, कारण असर यायला दोनेक आठवडे जातात, पण सीझन सप्टेंबरपर्यंत खेचतो तेव्हा अंगात ताप नसताना घेऊन टाका. दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. आणि सर्दी-पडसं त्याने थांबणार नाही, ती फक्त फ्लूसाठी आहे.

कुडाळचो_झील:
मेडिकलमधून आणणार असाल तर आधी विचारा की लाईट गेल्यावर त्यांच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का. लस 2 ते 8 डिग्रीतच राहायला हवी आणि आपल्याकडे वारा सुटला की लाईट कधी येईल ते वायरमनलाही ठाऊक नसतं.